अकरा जणांची एकच फुंक

मित्रांनो, मी एक जुनी फुंकणी आहे. नाव ऐकून लगेच चुलीकडे बघू नका. ती लोखंडी फुंकणी माझी कोणी लागत नाही. मी मुठीत मावणारी, काळ्या रंगाची, डोक्यावर नळी आणि पोटावर काचेची छोटी खिडकी असलेली. माणूस माझ्यात फुंकतो आणि त्यानं दारू घेतली आहे का, ते मी खिडकीत आकडा दाखवून सांगते. इंग्रजीत माझं नाव चांगलं लांबलचक आहे. पण आमच्या डेअरीत ते कोणालाच नीट म्हणता येईना, म्हणून पहिल्याच दिवशी माझं बारसं झालं. तेव्हा मला राग आला होता. आता सवय झाली आहे.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथल्या मुली पांढरे कोट घालत आणि डोक्याला जाळी लावत. जन्मल्यावर बाळाला मध चाटवतात. मला मोजूनमापून केलेली दारूची वाफ पाजली आणि आकडा बरोबर येतो का ते पाहिलं. आला. मग माझ्या नावानं एक प्रमाणपत्र निघालं. त्यावर खाली लिहिलं होतं की हे यंत्र वर्षातून एकदा तपासून घ्यावे. तुळजापूर तालुक्यात, जळकोटजवळच्या माळावर शिवमाळ डेअरी आहे. तिथं मी पोहोचले, तेव्हा अमरसिंह साहेबांनी त्या प्रमाणपत्राला फ्रेम केली आणि ते देवाच्या तसबिरीशेजारी टांगलं. रोज त्याला उदबत्ती मिळायची. वाचलं मात्र कोणीच नाही.

अमरसिंह साहेब म्हणजे डेअरीचे व्यवस्थापक. माणूस वाईट नाही, पण प्रत्येक काम सहीपुरतं करणारा. डेअरीचं दूध घेणाऱ्या मोठ्या कंपनीनं त्यांना कळवलं होतं की टँकर चालवणाऱ्यांची नशेची तपासणी रोज झाली पाहिजे, नाहीतर दूध घेणार नाही. म्हणून मला आणलं. माझ्याबरोबर पन्नास नळ्या आल्या, गांजा-अफूच्या तपासणीसाठी लघवीचा नमुना घ्यायच्या झाकणाच्या पंचवीस डब्या आल्या आणि बारा पानांची नियमांची फाइल आली. माझ्यापुढे नारळ फुटला. हळदीकुंकू माझ्या खिडकीवर वाहिलं, त्यातलं थोडं नळीत गेलं आणि पहिले दोन दिवस मी उगाचच टूं टूं करत राहिले.

सुरुवातीचे दिवस फार मानाचे होते. पहाटे साडेपाचला अकरा ड्रायव्हर गेटवर रांग लावत. प्रत्येकाला नवी नळी. शून्य आलं की टँकरची चावी मिळायची. कायद्यात तीसच्या वर आकडा गेला तर गाडीला हात लावता येत नाही. डेअरीच्या नियमात मात्र शून्याच्या वर काहीच चालत नाही. त्या दिवसांत मला माणसांच्या तोंडांची जेवढी माहिती झाली, तेवढी त्यांच्या बायकांनाही नसेल. एक नंबरच्या टँकरवरचा ईरण्णा पहाटे पहाटे कच्चा कांदा खाऊन यायचा. त्याचे डोळे कायम लाल आणि आवाज हॉर्नसारखा, त्यामुळे सगळ्यांना वाटायचं की हा नक्की सापडणार. तो रोज शून्य फुंकायचा आणि कॉलर ताठ करून जायचा. सात नंबरवरचा व्यंकट याच्या अगदी उलट. खाली मान, हळू बोलणं, चावी घेताना वाकून पाया पडणं. त्याच्या श्वासाला बडीशेपेचा वास असे.

आता तुम्हीच हिशेब करा. नळ्या पन्नास, ड्रायव्हर अकरा. पाचव्या दिवशी खोकं रिकामं झालं. नव्या नळ्यांची मागणी साहेबांनी पाठवली की पाठवायची राहिली, हे त्यांनाही आठवत नाही. मग एकच नळी धुऊन सगळ्यांना द्यायचं ठरलं. पण दुसऱ्याचं उष्टं तोंडात घालणार कोण? तंबाखू खाणाऱ्याच्या मागे कोणी उभं राहीना. ईरण्णाच्या कांद्यामागे तर कोणीच नाही. रोज गेटवर भांडण, रोज टँकरला उशीर. शेवटी धोंडीबांनी तोड काढली.

धोंडीबा म्हणजे आमचे गेटकीपर. साठीचा माणूस. उभं आयुष्य मेंढरं राखली, गुडघे दुखायला लागल्यावर गेटवर बसले. अठराव्या वर्षी गळ्यात तुळशीची माळ घातली, ती आजतागायत. दारू तर सोडाच, तंबाखूची पुडीसुद्धा ते हातात धरत नाहीत. आसपासच्या चार गावांत बांधाचं भांडण लागलं की लोक धोंडीबांना बोलावतात, आणि दगड कुठं होता ते त्यांनी सांगितलं की मोजणीवालाही गप्प बसतो. इतक्या खऱ्या माणसानं ती तोड काढली, हेच तर दुखणं आहे.

"नळी येक हाय, तर तोंड बी येकच पायजे," ते म्हणाले. "म्या फुंकतो समद्यांच्या वाटचं. माळकऱ्याची फुंक हाय, कुनाला शंका ऱ्हानार न्हाय."

कोणालाच शंका राहिली नाही. अकराही जण खूश झाले. साहेबांच्या कानावर गेलं, तेव्हा तेही म्हणाले, "बरं झालं, वेळ वाचला," आणि सही करून मोकळे झाले. दुसऱ्या दिवसापासून धोंडीबा माझ्यात ड्रायव्हरचा नंबर घालायचे, फुंकायचे, पुढचा नंबर घालायचे, पुन्हा फुंकायचे. अकरा नंबर, एक छाती. चौदा महिने मी दुसऱ्या कोणाचा श्वास घेतला नाही. शून्य, शून्य, शून्य. माझ्यासारख्या हुशार यंत्राची सगळी विद्या एका माणसाच्या ज्वारीच्या भाकरीवर आणि तुळशीच्या पानावर वाया चालली होती.

पुढे पुढे धोंडीबांनी रजिस्टरही सोपं केलं. रोज पहाटे लिहिण्यापेक्षा सोमवारीच ते आठवड्याची सगळी शून्यं काढून ठेवत. शून्यं मोठी देखणी असायची. आणि त्या झाकणाच्या पंचवीस डब्या? त्या कपाटात बरेच दिवस पडून होत्या. झाकण घट्ट, तेल गळत नाही, म्हणून ड्रायव्हरांनी एकेक करून लोणच्यासाठी नेल्या. अजूनही जेवायच्या सुट्टीत ईरण्णा कैरीचं लोणचं ज्या डबीतून काढतो, तिच्यावर 'नमुना क्रमांक' आणि 'सही' असं छापलेलं आहे.

मग ऑडिटचं पत्र आलं. ज्या कंपनीला दूध जातं, ती आपला माणूस पाठवणार होती, नशेची तपासणी नियमाप्रमाणे होते का ते बघायला. गुरुवार, सकाळी अकरा. साहेबांनी फाइलला नवं कव्हर घातलं, रांगोळी सांगितली, समोसे सांगितले.

त्याच आठवड्यात धोंडीबांना खोकला झाला होता. त्यांच्या घरच्या कस्तुराबाईंनी नळदुर्गच्या वैद्याकडून औषधाची बाटली आणून दिली होती. त्या गुरुवारी पहाटे केबिनमध्ये देवाला हात जोडून त्यांनी बाटलीतलं दोन टोपणं औषध घेतलं, ओठ पुसले आणि मला हातात घेतलं. एक नंबर घातला. फुंकले.

मित्रांनो, मी चौदा महिन्यांनी दचकले. खिडकीत शहाण्णव आकडा आला, लाल दिवा लागला आणि मी जोरात ओरडले. धोंडीबांचा चष्मा घरी राहिला होता. रेडिओला मारतात तशी त्यांनी मला एक चापट मारली आणि दोन नंबर घालून पुन्हा फुंकले. अठ्ठ्याऐंशी. तीन नंबरला एकोणऐंशी. मी ओरडत होते आणि ते फुंकत होते. अकराव्या फुंकेला आकडा एकोणीसवर आला. "बॅटरी उतरली वाटतं," असं म्हणून त्यांनी मला खिडकीत ठेवलं आणि चाव्या काढायला उठले.

तेवढ्यात गेटवर गाडी थांबली. पावणेसहा वाजले होते. एक तरुण बाई उतरल्या, पायात स्पोर्ट्स शूज, खांद्याला बॅग. त्या शिवप्रिया मॅडम, ऑडिट करणाऱ्या, मूळच्या लातूरच्या.

"मॅडम, साहेबांनी अकरा सांगितलं हुतं," धोंडीबा चाचरत म्हणाले.

"काका, तपासणी किती वाजता होते?"

"साडेपाचला."

"मग अकराला येऊन मी काय बघणार, मोकळं गेट?"

त्यांनी चाव्या तशाच खिळ्याला ठेवायला सांगितल्या, साहेबांना फोन करायला लावला आणि रजिस्टर उघडलं. पानावरून त्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "आज गुरुवार आहे ना? शनिवारपर्यंत कोणी प्यायलेलं नाही, असं दिसतंय."

"सकाळी घाई असती, म्हनून सोमवारीच लिवून ठिवतो," धोंडीबांनी अगदी सरळ सांगितलं. खोटं बोलतोय असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं, कारण शून्य तर रोज येतच होतं.

मग मॅडमनी मला उचललं. माझ्या पोटात प्रत्येक फुंक वेळेसकट साठवलेली असते. त्यांनी ती वाचली आणि विचारलं, "एक नंबरचा ड्रायव्हर कोण?"

"ईरण्णा. आजून आला न्हाय."

त्याच वेळी ईरण्णाची मोटरसायकल फटफटत आली. त्याला बाजूला घेऊन मॅडमनी सांगितलं की साडेपाचला तुमच्या नावावर शहाण्णवचा आकडा पडला आहे. ईरण्णाचा बाजूला घेतलेला आवाजही पार गोठ्यापर्यंत जातो.

"अय्यो मॅडम, साडेपाचला मी अंथरुणात होतो. माझ्या नावानं पिऊन कोण आलं मग? आन् मला कळू बी दिलं न्हाय?"

त्याला खरोखर वाईट वाटलं होतं.

अमरसिंह साहेब आले, तेव्हा त्यांच्या शर्टाची बटणं वरखाली लागलेली होती. एव्हाना बाकीचे ड्रायव्हरही गेटवर जमले होते. आकडे बघून त्यांचा निकाल लगेच झाला. "मशीन बिघडलंय मॅडम. आजच बिघडलंय. फेकून देतो, नवीन आणतो."

मला आतून धडकी भरली. पहिल्यांदाच काही सांगायला तोंड उघडलं होतं आणि मीच खोटी ठरत होते.

"बिघडलंय कशावरून?" मॅडमनी विचारलं.

"आत्ता दाखवतो. हे आमचे धोंडीबा, चाळीस वर्षांचे माळकरी. यांना फुंकायला लावा. यांच्या फुंकेला जर आकडा आला, तर मशीन खोटं. सोपं आहे."

मॅडम म्हणाल्या की तपासणी चारचौघांत करायची नसते, केबिनमध्ये चला. पण धोंडीबांना ते मानवलं नाही. "लपवायचं काय हाय त्यात? हितंच फुंकतो," असं म्हणाले. तेवढ्यात खोकल्याची उबळ आली. त्यांनी बाटलीतलं एक टोपण घशात ओतलं, छाती भरून घेतली आणि अकरा ड्रायव्हरांसमोर फुंकले.

एकशे चार.

मॅडमनी मला बंद केलं, आपल्या बॅगेतून दुसरं यंत्र काढलं आणि त्यात फुंकायला लावलं. माझी ती धाकटी बहीण नवीकोरी होती. तिनं एकशे एक सांगितलं.

आतापर्यंत यंत्र खोटं होतं. आता दोन दोन यंत्रं तेच सांगत होती. ज्याच्या शब्दावर बांधाचे दगड हलायचे, तो माणूस सगळ्यांसमोर प्यालेला निघाला होता. धोंडीबांनी कोणाकडे बघितलं नाही. त्यांचा हात गळ्याशी गेला. "दोन येत्रं खोटं कशाला बोलतील? माझंच कायतरी चुकलं आसंल," असं पुटपुटत ते माळ काढायला लागले. मित्रांनो, मला त्या वेळी आपण खऱ्या आहोत याची लाज वाटली.

"काका, थांबा," मॅडम म्हणाल्या. "आत्ता टोपणात काय घेतलंत?"

"खोकल्याचं आवशिद. घरचीनं दिलंय."

त्यांनी बाटली मागितली आणि बारीक अक्षरातली चिठ्ठी वाचली. ते आसव होतं. आसवात औषधी मुरताना आपोआप थोडी दारू तयार होते, ती त्यावर लिहिलेलीही असते. मग मॅडमनी आमच्याच फाइलचं चौथं पान उघडलं. पानं एकमेकांना चिकटलेली होती, ती नखानं सोडवावी लागली. तिथं स्वच्छ मराठीत लिहिलं होतं की फुंकण्याआधी तोंडात काही घेतलं असेल तर चूळ भरून वीस मिनिटं थांबावं आणि पुन्हा तपासावं. तोंडातली दारू असेल तर आकडा उतरतो, पोटातली असेल तर उतरत नाही.

धोंडीबांनी चूळ भरली आणि केबिनच्या पायरीवर बसले. माळ गळ्यातच होती, पण मूठ तिच्यावर आवळलेली. चहा आला, तो तसाच निवला. त्यातच कस्तुराबाई भाकरी घेऊन आल्या. तुमचे धोंडीबा प्यालेले निघाले, असं ईरण्णानं त्यांना हळूच, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

"ह्यांनी?" कस्तुराबाई म्हणाल्या. "ह्यांला ताकानं झोप येती." मग त्या मॅडमकडे वळल्या. "आवशिद म्या दिलंय, बाई. धरायचं आसंल तर मला धरा."

वीस मिनिटं झाली. धोंडीबा उठले, केबिनमध्ये गेले. या वेळी दार लावलेलं होतं. मी मॅडमच्या हातात होते. त्यांनी फुंक मारली. मी माझ्या आयुष्यात इतक्या आनंदानं शून्य कधी दाखवलं नव्हतं.

बाहेर सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. साहेबांनी समोसे लवकर आणायला माणूस पाठवला. त्यांच्या मते ऑडिट संपलं होतं. यंत्र चांगलं, माळकरी चांगला, बाटली वैद्याची.

पण मॅडमनी कागदावर माझे पहाटेचे अकरा आकडे एकाखाली एक लिहिले होते. शहाण्णव, अठ्ठ्याऐंशी, एकोणऐंशी, असे एकोणीसपर्यंत. "हे बघा साहेब. पहिला ड्रायव्हर सगळ्यात जास्त प्यालेला, दुसरा त्याहून कमी, आणि अकरावा जवळजवळ शुद्धीवर. नऊ मिनिटांत. ड्रायव्हर नशेच्या क्रमानं रांगेत उभे राहतात का तुमच्याकडे?"

साहेबांनी घाम पुसला. "तसं नाही मॅडम. सगळीकडे खोकल्याची साथ आहे. सगळ्यांनीच तेच औषध घेतलं असणार. होय की नाही, धोंडीबा?"

ते म्हणताना साहेबांनी डोळ्यांनी खूण केली. ती मलासुद्धा कळली. धोंडीबांनी नुसती मान हलवली असती तर सगळं मिटलं असतं. नोकरी राहिली असती, नाव राहिलं असतं, समोसे गरम खाल्ले असते. धोंडीबांनी माळ सोडली आणि हात खाली घेतले.

"न्हाय साहेब. अकराच्या अकरा फुंका माझ्याच हायेत. आजच्याच न्हाय, चौदा म्हैन्यांच्या. माळ ऱ्हायली गळ्यात. आता मान हालवून खोटं बोललो तर ती ठिवू कशी?"

मॅडमनी सगळं लिहून घेतलं. मग बॅगेतून नव्या नळ्यांचं पाकीट काढलं आणि म्हणाल्या, "आता ज्याची फुंक त्यानं मारायची. एकेकानं आत या."

ईरण्णा पहिला आला. त्याच्या कांद्याला मी किती दिवसांनी भेटत होते. शून्य. तो बाहेर जाऊन कॉलर ताठ करून उभा राहिला. दुसरा शून्य, तिसरा शून्य. सहा जण झाले. मग व्यंकट आत आला, नेहमीसारखा वाकून. बडीशेपेचा वास आला, आणि बडीशेपेखाली दुसराही वास आला. खिडकीत अठ्ठेचाळीस.

मॅडमनी त्याला चूळ भरायला लावली, बाकीच्यांना तपासून घेतलं आणि वीस मिनिटांनी त्याला पुन्हा फुंकायला लावलं. सत्तेचाळीस. आकडा उतरला नाही. मॅडमनी दार लावलं आणि फक्त साहेबांना आणि धोंडीबांना आत बोलावलं. साहेब गेटच्या नोंदीचे जबाबदार आणि धोंडीबांच्या हाती चाव्या, म्हणून.

"कधीपासनं?" धोंडीबांनी विचारलं.

"आठ म्हैने झाले, काका," व्यंकट जमिनीकडे बघत म्हणाला. "घरात लई वाद चाललेत. रात्रीचं घेतो, सकाळपोतूर उतरत न्हाय. रोज वाटायचं, आज कुनीतरी धरंल. तुमी फुंकत हुता, म्हनून कुनी इचारलंच न्हाय."

धोंडीबा भिंतीला टेकले. सात नंबरचा टँकर दहा हजार लिटरचा आहे. सकाळी सातला तो शाळेच्या पोरांनी भरलेल्या रस्त्यानं जातो. आठ महिने त्या टँकरची चावी त्यांनी स्वतःच्या हातानं दिली होती, आणि माझ्या खिडकीत त्याच्यासाठी स्वतःचं शून्य उमटवलं होतं. "मला वाटायचं, म्या तुमच्यावर उपकारच करतोय," ते म्हणाले, आणि साठीचा तो माणूस लहान पोरासारखा रडला. व्यंकटही रडला. साहेबांनी एकदा माझ्याकडे आणि एकदा फाइलकडे बघितलं. फाइलच्या सगळ्या पानांवर त्यांचीच सही होती.

त्या दिवशी दहाच टँकर निघाले, तेही उशिरा. मॅडमच्या अहवालात आमच्या डेअरीच्या चौदा चुका निघाल्या. नळ्या नाहीत, डब्या नाहीत, तपासणी एकाची आणि नोंद दुसऱ्याची, यंत्राची वार्षिक तपासणी नाही. तेराव्या क्रमांकावर लोणचं होतं. सुधारायला एक महिना मिळाला. व्यंकटला नोकरीवरून काढायचं नाही, असं नियमातच होतं. टँकरवरून उतरवायचं, दवाखान्यात पाठवायचं आणि रोज तपासायचं. धोंडीबांबद्दल मात्र नियमात काही नव्हतं. साहेबांनी त्यांना घरी बसवलं आणि मला तपासणीसाठी प्रयोगशाळेत धाडलं. चौदा महिने जोडीनं काम करणारे आम्ही दोघं एकाच दिवशी गेटबाहेर पडलो.

प्रयोगशाळेत मला पुन्हा ती मोजलेली वाफ दिली. तिथं कळलं की मी शंभराला दोन-तीन आकडे जास्तच दाखवत होते. मित्रांनो, इतका वेळ मी स्वतःला सत्याची मूर्ती समजत होते, आणि कुंकवाचा कण माझ्या पोटात बसलेला होता. त्यांनी तो काढला, मला सरळ केलं. बरं झालं. गर्व जरा कमी झाला.

इकडे आठ दिवसांत गेटवर तीन माणसं आली आणि गेली. पहिला पहाटे उठेना. दुसरा माझ्या जागी मागवलेल्या यंत्रावर स्वतःच पहिल्या फुंकेत सापडला. तिसऱ्यानं डब्यांचं नवं खोकं बघितलं, त्या कशासाठी असतात ते विचारलं आणि परत आलाच नाही. शेवटी साहेब स्वतः मोटारीनं धोंडीबांच्या घरी गेले. "या परत. पण फाइल वाचावी लागेल," असं म्हणाले.

"तुमी बी वाचनार आसाल तर येतो," धोंडीबा म्हणाले, असं कस्तुराबाई सगळीकडे सांगतात.

मीही प्रयोगशाळेतून परत आले. आता रोज साडेपाचला रांग असते. प्रत्येकाला नवी नळी, आणि धोंडीबा चष्मा लावून आकडा बघतात, मगच लिहितात. व्यंकट टँकरवर नव्हता, तो शेडमध्ये कॅन धुवायचा. तरी तो रोज रांगेत सगळ्यात शेवटी उभा राहायचा. पहिले काही दिवस आकडा वर-खाली झाला. एकदा तेवीस आला आणि तो चार दिवस कोणाशी बोलला नाही. मग शून्य यायला लागलं. चाळीस दिवस सलग शून्य. दवाखान्याचा कागद आला, साहेबांची सही झाली. धोंडीबांनी सात नंबरची चावी खिळ्यावरून काढून त्याच्यापुढे धरली.

व्यंकटनं ती घेतली नाही. "आजून आठ दिस थांबा, काका," तो म्हणाला. "आजचं शून्य तुमाला दिसतंय. मला माझं मला दिसू द्या."

धोंडीबांनी चावी परत खिळ्याला लावली आणि रजिस्टरमध्ये शून्य काढलं. घाई नव्हती, तरी ते जरा वाकडं आलं.

मित्रांनो, फुंकणीनं माणसांना काय सांगावं? माझ्या नळ्या वेळेवर आणा, वर्षातून एकदा मला तपासून घ्या, कुंकू लांबूनच वाहा. आणि एखाद्या माणसावर तुमची माया असेल, तर त्याच्या वाटची फुंक तुम्ही मारू नका. त्याला रांगेत उभं राहू द्या, आणि त्याचा आकडा कितीही आला तरी तुम्ही त्याच्याजवळ उभे राहा. आठ दिवसांनी व्यंकटनं चावी स्वतःच्या हातानं खिळ्यावरून काढली, आणि सात नंबरचा टँकर हळूहळू शाळेच्या रस्त्याला लागला.